चार ते साडेचार

नानांच्या घराच्या पुढच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाही. शेजारची बाई सरळ आत येऊन स्वयंपाकघरातून वाटीभर विरजण घेऊन जायची. पेपरवाला ओट्यावरच्या बंगईवर, म्हणजे लाकडी झोपाळ्यावर, बसून आधी स्वतः पेपर वाचायचा आणि मग हाक मारून नानांना द्यायचा. सावद्याकडचा एक ओळखीचा केळीवाला बाजारात आला की घड ओट्यावर टाकून न सांगता निघून जायचा. "कुलूप लावणाऱ्याच्या घरात नक्की काय असतं, याची मला नेहमी शंका येते," असं नाना म्हणत. आणि ह्याच माणसाने घरात येणाऱ्या इंटरनेटच्या वायरीवर राखणदार कोणता बसवावा, ह्याचा विचार तब्बल पाच महिने केला.

राखणदार म्हणजे फायरवॉल. एक छोटी पेटी असते. बाहेरची वायर आणि घरातली वायर यांच्या मधे ती बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, तू कोण, कुठून आलास, कोणाकडे आलास. उत्तर पटलं तर आत सोडते, नाही तर दारातूनच परत पाठवते आणि कोण आलं होतं ते लिहून ठेवते. नानांच्या घरी ती पेटी कशी आली आणि तिने काय केलं, हे मला सांगायचं आहे. त्यात माझाही हात आहे, आणि तो मी झाकणार नाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीतली भाडेकरू. घर बोदवडला, नोकरी जळगावातल्या एका पतसंस्थेत, सगळ्या शाखांचं कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायची. खोली बघायला गेले तेव्हा नानांनी लग्न, गाव, जात काहीही विचारलं नाही. बंगईवर पाय हलवत त्यांनी विचारलं, "काय इंजिनेर बाई, तुमच्या हापिसात बाहेरून कोणी शिरलं, तर तुम्हाला किती वेळात कळतं?"

"लगेच," मी ठोकून दिलं.

"खोटं," नाना म्हणाले. "खोटं बोलताना तू खाली बघतेस. म्हणजे अजून सवय झालेली नाही. खोली तुझी."

आतून अक्का ओरडल्या, "चहा झाया, आते तिले आत तं येऊ द्या!" अक्का म्हणजे त्यांची बायको. दिवसभर बोलायच्या. कुकरशी बोलायच्या, कडीपत्त्याच्या झाडाशी बोलायच्या, उतू गेलेल्या दुधाला शिव्या द्यायच्या. नाना माझ्याशी शहरातलं मराठी बोलत, पण अक्कांशी आणि रागावले की सगळ्यांशी अहिराणी. दोघंही दोंडाईच्याकडचे. नानांची सगळी नोकरी धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधे झाली, आणि निवृत्त झाल्यावर अक्कांच्या हट्टाने त्यांनी जळगावात हे बसकं, तीन खोल्यांचं घर बांधलं. वर माझी एक खोली. पुढे ओटा, बंगई आणि अक्कांची झाडं.

मोबाईल नानांकडे होता, पण त्याच्याशी त्यांचं पटत नसे. तो ते डाळीच्या डब्यात ठेवत. "का?" विचारलं तर म्हणत, "तिथे त्याला ऐकू कमी येतं."

हे विनोदाने बोलत असतील असं मला सुरुवातीला वाटायचं. पण नानांना तारेची भीती होती, आणि ती भीती कमावलेली होती. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या लाईनी तपासल्या. लाईन तपासायची म्हणजे कानाला लावावीच लागे. एकदा धुळ्यात सुरतहून आलेला ट्रंक कॉल ते तपासत होते. कॉल त्यांच्याच गल्लीतल्या कापडाच्या मारवाडी दुकानदाराला होता. पलीकडून कोणीतरी म्हणालं, तुमचा मुलगा गेला. नानांनी कानाला लावलेलं यंत्र काढलं, ड्यूटी संपवली, सायकलवर घरी निघाले. गल्लीत त्या दुकानदाराची बायको ओट्यावर गहू निवडत बसली होती. नवऱ्याने तिला अजून सांगितलं नव्हतं. तिने हसून विचारलं, "भाऊ, आज लवकर?" नाना म्हणाले, "हो."

"सांगितलं असतं तर मी ऐकलं होतं हे उघड झालं असतं," नाना मला म्हणाले. "आणि सांगायचा हक्क तिच्या नवऱ्याचा होता. घरी येऊन जेवलो नाही. हिने विचारलं नाही. मला ठाऊक असलेलं मला ठाऊक नाही असं दाखवायचं, निम्मी नोकरी तीच होती माझी."

ही गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगितली ती का, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी राहायला आल्याला दोन वर्षं झाली असतील. अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नुसता हात गेला असता, नुसता पाय गेला असता, तरी ती बाई बोलून बोलून घर चालवती; देवाने नेमकं बोलणंच काढून घेतलं, ह्याचा मला अजून राग येतो. त्यांची मुलगी धुळ्यात असते. तिला मी ताई म्हणते. तिचं घर तळमजल्यावर, दवाखाना हाकेच्या अंतरावर, म्हणून ती अक्कांना तिकडे घेऊन गेली. नानाही गेले.

तिकडे अक्का डावा हात सारखा पुढे-मागे हलवायच्या. कोणाला वाटलं वारा घाला म्हणतायत, कोणाला वाटलं नातवाचा पाळणा आठवतोय. नानांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "बंगई. तिले घर देखनं शे."

अक्कांना घर बघायचं होतं, पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं होतं. मग नाना एकटेच जळगावला परतले. घर बंद पडलं असं अक्कांना वाटू नये, झाडांना पाणी मिळावं, देवापुढे दिवा लागावा, एवढ्यासाठी. ताईने फोनवर सुचवलं, "नाना, ओट्यावर एक कॅमेरा लावा. आईला इथे टीव्हीवर रोज घर दिसेल."

मला ते फार सोपं वाटलं. असे कॅमेरे बाजारात ढिगाने मिळतात. भिंतीला लावायचा, फोनमधे त्याचं ॲप घ्यायचं, झालं. मी नानांना तसं सांगितलं.

"चित्र इथून धुळ्याला सरळ जातं?" नानांनी विचारलं.

"नाही. आधी कॅमेऱ्याच्या कंपनीच्या मशीनवर जातं. तिथून धुळ्याला."

"ते मशीन कुठे?"

"परदेशात कुठे तरी."

"म्हणजे मधे एक एक्स्चेंज आहे." नाना बंगईवरून उठले. "आणि तिथे कोणी तरी लाईन तपासायला बसला असेल. माझ्यासारखा."

संपलं. नानांचं म्हणणं, माझी बायको अंथरुणावर पडून बघणार, आणि तिच्याबरोबर कोण्या परक्याने माझा ओटा बघायचा, हे चालणार नाही. चित्र आपल्या घरातून निघेल आणि सरळ लेकीच्या घरी जाईल. त्यासाठी आपल्या दाराशी आपला राखणदार पाहिजे. हा त्यांचा हुकूम झाला, आणि तांत्रिक बाजूने बघितलं तर त्यात चूक काही नव्हतं.

त्याच सुमारास कॉलनीत फायबरवाले आले. नानांनी त्यांचा सगळ्यात मोठा, एक गिगाबिटचा, म्हणजे हजार मेगाबिट वेगाचा प्लॅन घेतला. मी हसले. "नाना, घरात माणूस एक आणि गिगाबिटही एक! पन्नास मेगाबिट डोक्यावरून पाणी होईल."

"तिला चित्र अडकत अडकत दिसलं," नाना म्हणाले, "तर तिला वाटेल मला काही झालंय."

मी अर्जावर गिगाबिटपुढे खूण केली.

मग सुरू झाली निवड. मुलीसाठी स्थळं बघतात तसं नाना पेट्या बघत. संक्रांत झाली होती तेव्हा. फायबरवाल्यांनी फुकट दिलेली पेटी त्यांनी पहिल्या दिवशीच बाद केली, कारण तिची किल्ली कंपनीकडे राहते असं मी सांगितलं. "कुंपणच शेत खाणार असेल तर कुंपण कशाला?" दुसरी, दुकानातली, जिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात फायरवॉल लिहिलं होतं. ती नानांनी उघडून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, "हिच्यात नवीन चोरांची माहिती कोण भरतं, आणि किती वर्षं भरणार?" दुकानदार म्हणाला, आबा, चालते हो छान. नाना घरी आले. तिसरा होता माझ्या ऑफिसातून बाद झालेला कॉम्प्युटर, दोन वायरी लावता येतील असा केलेला. तो कामाला चोख होता, पण त्याचा पंखा रात्रंदिवस घुर्र करी, आठवड्यात धुळीने गच्च झाला, आणि वीज गेली की इन्व्हर्टर तासाभरात खाली करून टाकी. आमच्याकडे वीज जाते ती काही विचारून जात नाही.

चौथी पेटी मात्र नानांना आवडली. तळहाताएवढी, काळी, लोखंडी, पाठीवर कंगोरे, पंखा नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मागवलेली. पण जळगावच्या उन्हात जिथे माणूस बिघडतो तिथे पेटीचं काय, म्हणून नानांनी तिची परीक्षा घेतली. एप्रिल लागला होता. गच्चीवर शेजारणीने लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या. त्या कुरडयांच्या कडेला, छत्रीच्या सावलीत, पाटावर ती पेटी चालू करून ठेवली. शेजारी अक्कांच्या औषधाच्या डब्यातला थर्मामीटर. दर तासाला नाना डोक्याला टॉवेल गुंडाळून वर जायचे, पेटीला हात लावून बघायचे, आणि जाता जाता कुरडयांवरचे कावळे हाकलायचे. पंधरा दिवस ती पेटी एकदाही बंद पडली नाही.

आणि मग मी माझं शहाणपण दाखवलं. एका संध्याकाळी मी लॅपटॉप लावून तिचा वेग मोजला. सगळी तपासणी चालू ठेवली की हजारातले जेमतेम तीनशे पुढे जात होते. "नाना, तपासता तपासता हिची दमछाक होते. तुमचं गिगाबिट वाया जाईल." बरोबरच होतं ते. पण अक्कांच्या चित्राला चारसुद्धा पुरले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. आपल्याला जे कळतं ते कोणापुढे तरी बोलून दाखवावं, एवढाच मोह होता तो. नानांनी पेटी परत पाठवली. पुढची यायला पाच आठवडे गेले.

त्या पाच आठवड्यांत ताईचा फोन आला की नाना तो मला ऐकायला देत. "नाना, आई रोज हात हलवते हो. टीव्हीकडे बघते आणि हलवते. कॅमेरा लावून टाका, राखणदार मागून बघू."

"शेत आधी आणि कुंपण मागून?" नाना म्हणायचे. "जराक दम धर, बेटा. जराक."

पाचवी पेटी जूनमधे आली. ताकदीची, बिनपंख्याची, चार तोंडांची. मी सगळी तपासणी चालू ठेवून मोजलं. नऊशेच्या वर गेलं. नानांनी ती देवघराखालच्या कोनाड्यात बसवली, कारण इन्व्हर्टरची तार तिथेच होती. एक्स्चेंजमधे दसऱ्याला यंत्रांना लावत तसं तिला कुंकू लावलं. मग मला समोर बसवून नियम सांगितला, तोही अहिराणीत, म्हणजे गंभीरच. "पह्यले बठ्ठं बंद. मंग जो घरना शे, तेलेच उघाड." आधी सगळं बंद, मग घरचा असेल त्यालाच दार.

धुळ्याला ताईच्या इंटरनेटचा न बदलणारा पत्ता आम्ही तिच्या कंपनीकडून घेतला होता. मी कुठे काय लिहिते ते नाना शेजारी बसून पासवर्डसकट डायरीत उतरवत होते; ऑफिसातला तो बाद कॉम्प्युटर त्यांनी अजून ठेवला होता. मी पेटीत एकच दार उघडलं. त्या एका पत्त्यावरून कोणी आलं तर ओट्यावरच्या कॅमेऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं. बाकी कोणालाच नाही. त्या नियमाला नाव द्यावं लागतं. मी विचारलं, काय देऊ? नाना म्हणाले, "घरचे."

पहिल्या दिवशी नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला. शेजारीण, पेपरवाला, सगळे ओट्यावर गोळा झाले. फोनवर ताई ओरडली, "दिसतंय! नाना, दिसतंय! आई हसली. डाव्या बाजूनं हसली!" नाना कॅमेऱ्याकडे बघत नुसते उभे होते. मग त्यांनी जाऊन बंगईला एक झोका दिला, रिकाम्याच.

तेव्हापासून रोज चारची वेळ ठरली. चार वाजता नाना दोन कप चहा घेऊन बंगईवर बसत. एक स्वतःचा, एक शेजारी. मोबाईल बंद करून डाळीच्या डब्यात. "ह्या अर्ध्या तासात दुसऱ्या कोणाचा शिरकाव नको." अक्कांना बोलता येत नव्हतं म्हणून तिकडून आवाज यायची सोय केली नव्हती; नाना बोलायचे, अक्का बघायच्या, ऐकायच्या.

"आयकस का वं?" ऐकतेस का गं, ही रोजची सुरुवात. "आज कडीपत्ताले नवा पाला फुटना. शेजारीन दही लई गयी. मी काही बोलनू नही." अर्धा तास असं. जन्मभर अक्का बोलल्या आणि ह्यांनी हूं केलं. आता ते उलट झालं होतं. साडेचारला दुसरा कप ते कडीपत्त्याच्या बुडाशी ओतत आणि मोबाईल चालू करत. लगेच ताईचा फोन यायचा. "आज दोनदा हसली." "आज झाडाकडे बोट दाखवलं." नाना तेवढ्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत जगत.

सकाळी मी ऑफिसला निघताना पेटीची वही वाचून दाखवायची, म्हणजे पेटीने लिहून ठेवलेलं लॅपटॉपवर उघडायची. "काल दाराशी कोण कोण?" नाना दात घासत विचारायचे. आधी घरचे. "चार वाजून एक मिनिट, धुळे." ते मान डोलवायचे. मग परके. कुठून कुठून जगभरातून यंत्रं प्रत्येक घराचं दार हलवून बघत असतात. आमच्या ह्या तीन खोल्यांच्या दारावरही हजारोंनी यायची. देशांची नावं ऐकून नाना खूष व्हायचे. "बठ्ठा परत गयात ना?" "सगळे परत." मग चूळ भरायची.

ताईने मधेच एकदा मला फोन केला. "अगं, आमचं नेट कधी कधी जातं. माझ्या मोबाईलवरून पण दिसेल असं करून देतेस?" मोबाईलचा पत्ता सतत बदलतो, म्हणून तो नियमात बसत नव्हता. पण उपाय होता. तिच्या फोनमधे एक चावी बसवायची, की फोन कुठूनही आला तरी पेटी त्याला ओळखेल. दोन तासांचं काम. नाना थोडे कुरकुरले, "फोन हरवला तर चावी पण गेली," पण मी पटवलं असतं. मी ताईला म्हणाले, रविवारी करते.

एका रविवारी बोदवडला लग्न होतं. एका रविवारी डोकं दुखत होतं. एका रविवारी मी नुसती झोपले. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

गणपती झाले होते. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की दसऱ्यापर्यंत अक्कांना घरी हलवायला हरकत नाही. ही बातमी अक्कांना सांगायला नानांनी ताईला मनाई केली होती. ती त्यांना स्वतः, बंगईवरून, चार वाजता सांगायची होती. त्या दिवशी त्यांनी पुन्हा तो पहिल्या दिवसाचा शर्ट घातला. मी ऑफिसात होते, मीटिंगमधे, फोन मुका करून.

तेव्हा धुळ्यात ताईच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने केबल तोडली होती. चार वाजले, टीव्ही कोरा. अक्का हात हलवायला लागल्या. ताईने मोबाईलवरून लावून बघितलं. लागलं नाही. पुन्हा लावलं. नानांना फोन केला, तो बंद. मला केला, मी उचलला नाही. अक्का हात हलवतच होत्या, आणि ताई पुन्हा पुन्हा लावत होती.

इकडे नाना बंगईवर बसून सांगत होते. "आयकस का वं? दसराले तुले घर लई येसू."

साडेचारच्या आत अक्कांची मान कलली. नानांनी साडेचारला मोबाईल चालू केला तेव्हा फोन आला नाही. आला तो पाचला, दवाखान्यातून. मी घरी पोचले तेव्हा नाना शेजाऱ्यांच्या गाडीत बसलेले होते. मीही बसले. पारोळ्याच्या पुढे दुसरा फोन आला. तो मी घेतला. नानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काच खाली केली.

दवाखान्यात ताई मला व्हरांड्यात घेऊन गेली. "दिसलं नाही गं तिला," ती म्हणाली. "शेवटपर्यंत हात हलवत होती. मी किती वेळा लावलं." आणि मग, माझा हात घट्ट धरून, "नानांना सांगू नकोस."

कारण आतमधे नाना प्रत्येक येणाऱ्याला सांगत होते. "चार ते साडेचार माझ्यासमोर होती. मी सांगितलं, दसऱ्याला घरी नेतो. ऐकलं तिने. ऐकून गेली." तेराव्यापर्यंत जो भेटायला येई त्याला ते हेच सांगत, आणि लोक म्हणत, भाग्यवान होत्या. ताई आत निघून जायची. मी खाली मान घालून बसायचे.

चौदाव्या दिवशी नाना जळगावला परतले. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बंगईवर बसलेले. "इंजिनेर बाई, बऱ्याच दिवसांचं राहिलं. वाच. त्या दिवसापासून."

मी लॅपटॉप उघडला. त्या तारखेला धुळ्याचा पत्ता कुठेच नव्हता. परक्यांच्या यादीत मात्र एकाच मोबाईलचा पत्ता अकरा वेळा होता. चार वाजून पाच मिनिटांपासून चार सत्तावीसपर्यंत. अकराही वेळा आमच्या पेटीने दारातून परत पाठवलं होतं. मी निवडायला मदत केलेली पेटी, मी लिहिलेला नियम. दोन्ही अगदी चोख चालले होते.

"घरचे..." मी वाचलं, "चार वाजून एक मिनिट. धुळे. अर्धा तास."

नाना थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आत गेले, चहा घेऊन आले. आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला त्या सुरतेच्या कॉलची गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. मला वाटलं, दुःखाने माणूस जुन्या गोष्टी उगाळतो. खरं सांगते, मला हलकं वाटत होतं. निदान एवढं तरी आपण वाचवलं, असं वाटत होतं.

त्यानंतरही नाना रोज चार वाजता बंगईवर बसत. दोन कप, इस्त्रीचा शर्ट, "आयकस का वं?" शेजारीण मला म्हणाली, नानांच्या डोक्यावर परिणाम झाला. ताईने धुळ्याला चला म्हणून हात जोडले, ते गेले नाहीत. एक फरक झाला होता, मोबाईल आता बंगईवर चालू ठेवलेला असे. वही वाचायला मात्र त्यांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही. दिवाळीनंतर मला नाशिकला नोकरी लागली. निघताना त्यांनी मला कडीपत्त्याचं रोप दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात नाना झोपेतच गेले. दिवस झाल्यावर ताईने बोलावलं. "घर भाड्याने देतोय. ती पेटी तेवढी तूच बंद कर, मला तिला हात लावायचा धीर होत नाही."

देवघराखालच्या कोनाड्यात पेटी चालूच होती. कुंकू वाळून काळं पडलं होतं. वायर काढायच्या आधी सवयीने मी लॅपटॉप लावला आणि नियमांचं पान उघडलं. नियम एकच होता, "घरचे". पण तो मी लिहिलेला नव्हता. धुळ्याचा पत्ता पुसलेला होता. त्या जागी, कुठूनही, कोणीही, असं लिहिलं होतं. आणि वेळ घातली होती. रोज, चार ते साडेचार. त्या अर्ध्या तासात जगातल्या कोणालाही ते दार उघडं होतं.

पेटी कोणी कधी काय बदललं तेही लिहून ठेवते. तारीख नाना धुळ्याहून परतले त्या दिवसाची होती. सकाळी अकरा. मी त्यांना वाचून दाखवलं ते संध्याकाळी. म्हणजे मी खाली बघून वाचत होते तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं, अकराच्या अकरा वेळा. त्यांनी मला खोटं बोलू दिलं, आणि नंतर एक गोष्ट सांगितली, जी मला समजली नाही.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. ताई दारात येऊन उभी राहिली. "झाली का बंद?" तिने विचारलं.

मी घड्याळ बघितलं. पावणेचार झाले होते.

"साडेचारला करू," मी म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.